लॉबीतले हात

"तुमची पोरगी नेमकं करते तरी काय?"

हा प्रश्न मला भाजीवाल्या बाईपासून ते आमच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांनी विचारून झाला आहे. लग्नात विचारतात, तेरवीला विचारतात, दातांच्या दवाखान्यात माझं तोंड उघडं असतानाही एकीने विचारला होता. डॉक्टरची आई असते तर एका शब्दात सुटले असते. माझी मुलगी व्हिडिओ आर्टिस्ट आहे. हे सांगितलं की समोरचा माणूस डोकं खाजवतो आणि मग सुटका झाल्यासारखा म्हणतो, "अच्छा, म्हणजे लग्नाची शूटिंग!"

आधी मी समजावून सांगायची. म्हटलं, शूटिंग नाही, सिनेमा नाही, मालिका तर नाहीच नाही. भिंतीवर चित्र लावतो ना आपण, तसं चित्र, पण हलणारं. त्याला गोष्ट नसते, गाणं नसतं, नुसतं बघायचं. इथपर्यंत येईस्तोवर ऐकणाऱ्याचं लक्ष माझ्या मागच्या दुकानाकडे गेलेलं असायचं. आमच्या ह्यांनी तर केव्हाच हात टेकले. कोणी विचारलं की "कॉम्प्युटरमध्ये आहे" म्हणतात आणि विषय पावसावर नेतात. मला त्याचा असा संताप येतो! कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणजे काय, उंदीर आहे का ती?

तर त्या मुलीचं काम एका वर्षी आमच्या यवतमाळात, एका नव्या हॉटेलच्या लॉबीत लागलं. पुणे झालं, बडोदा झालं, कुठल्या कुठल्या परदेशातल्या गावांत तिचे व्हिडिओ लागले, पण आपल्या गावात काही लागलं नव्हतं. त्याची ही हकीकत. पण तिच्याआधी मला आत्याबाईंबद्दल सांगितलं पाहिजे, कारण त्यांच्याशिवाय यातलं काहीच झालं नसतं.

आत्याबाई म्हणजे माझी थोरली नणंद. मुलीची आत्या, पण घरातले लहानथोर सगळे त्यांना आत्याबाईच म्हणतात, मीसुद्धा. राहतात उमरखेडला. माझी नोकरी सरकारी, बदल्या आज इथे तर उद्या तिथे, त्यामुळे मुलगी शाळेत जाईपर्यंत त्यांच्याकडेच वाढली. पहिलं अक्षर तिने त्यांच्या ओसरीवर गिरवलं. ती अजूनही घाबरते ती जगात एकट्या आत्याबाईंना. माझं ओरडणं ती या कानाने ऐकते आणि त्या कानाने सोडून देते.

आत्याबाईंचे हात कधी रिकामे नसतात. हे मी उगाच बोलायचं म्हणून बोलत नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी ते हात बघते आहे, एकदाही मोकळे दिसले नाहीत. कमरेला एक पिशवी, पिशवीत कापूस, आणि बोटांत वात. बोलताना वाती, एसटीत बसल्या की वाती, टीव्हीवर बातम्या ऐकताना वाती. ह्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात बाकावर बसून त्यांनी इतक्या फुलवाती वळल्या की नर्सबाईंनी घरी नेल्या. घरचा कापूस, आपल्या हाताने सरकी काढायची, बोटांनी पिंजायचा, चिमूटभर राख बोटाला लावायची आणि वळायची. उमरखेडात किती देवघरांत त्यांच्या वाती जळतात हे त्यांनाही ठाऊक नसेल. "जरा बसा ना आत्याबाई" म्हटलं की म्हणतात, "बसलीच तं हाय वं. हातानं काय केलं तुह्यं?"

लॉबीत काम लागण्याच्या दोन हिवाळे आधी मुलगी उमरखेडला गेली ती कॅमेरा, दिवे आणि एक काळा पडदा घेऊन. "आत्या, तुझा व्हिडिओ काढायचा आहे." आत्याबाई खूष! त्यांनी ट्रंकेतून मोरपंखी रंगाची रेशमी साडी काढली, शेजारणीकडून वेणी घालून घेतली, चष्मा पुसून डब्यात ठेवला, आणि ओसरीवर पाटावर ताठ बसल्या. मुलीने दोन दिवस शूटिंग केलं. आत्याबाई मध्येमध्ये विचारायच्या, "तोंडावर उजेड येते नं बराबर?" आणि ही गधडी म्हणायची, "येतो, येतो."

तोंड कॅमेऱ्यात नव्हतंच. कॅमेऱ्यात होते फक्त दोन हात.

हे तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. "अगं, त्या म्हातारीनं तुझ्यासाठी वेणी घातली, आणि तू मुंडकं उडवलंस?"

"आई, चेहरा घेतला असता तर सगळे चेहराच बघत बसले असते. मला हात हवे होते."

"मग सांगायचं होतं तसं!"

"हिंमत झाली नाही," ती म्हणाली. इतके परदेश फिरलेली मुलगी, पण हे बोलताना अगदी शाळेतल्या पोरीसारखी बोलली.

आता हॉटेल. हे आमच्या गावातलं नवं हॉटेल, काचेचं दार, आत शिरलं की अंगावर गार वारा आणि मोगऱ्याच्या सेंटचा वास. लॉबीच्या भिंतीवर दारापेक्षा मोठा, उभा असा स्क्रीन. नागपूरच्या डिझाइनवाल्याने मालकाच्या डोक्यात भरवलं होतं की मोठ्या हॉटेलांत आता डिजिटल आर्ट असतं, फोटोफ्रेम गेल्या. स्क्रीन तर आला, पण त्यात घालायचं काय? कोणीतरी आमच्या मुलीचं नाव सांगितलं. मालक माणूस दिलदार, आणि गावच्या पोरीचं काम म्हणून त्याला अभिमानही वाटला. पण मनात त्याच्या वेगळंच चित्र होतं. आमच्या घरी चहा घेता घेता म्हणाला, "मॅडम, मस्त धबधबा बिधबा टाकू ना. नाही तर कमळ. एक कमळ उमलून राह्यलं, अशा टाइपचं."

मुलगी म्हणाली, "हात आहेत."

"हात?"

"वाती वळणारे."

मालकाने माझ्याकडे पाहिलं. मी बशीत चहा ओतून घेतला, म्हणजे बोलावं लागलं नाही. शेवटी ठरलं की दसऱ्यापर्यंत हात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून लग्नाचा सीझन डोळ्यासमोर ठेवून हॉलची जाहिरात लागणार, नवरा-नवरी, फुलांची कमान, सगळं. माणूस बोलल्याप्रमाणे वागणारा, त्यामुळे त्यापुढे एक दिवसही मिळणार नव्हता हे आम्हाला पक्कं माहीत होतं.

आणि आत्याबाई यवतमाळला येतात त्या वर्षातून एकदा, दसऱ्याला. भावाला सोनं द्यायला. सकाळच्या एसटीने येतात आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने परत, कारण घरी दिव्याला वात कोण लावणार! मुलीने मनाशी धरलं ते असं, की आत्याला दसऱ्याच्या दिवशी लॉबीत न्यायचं, समोर बसवायचं आणि दाखवायचं. बाकी जगाने काय म्हटलं याचं तिला सोयरसुतक नव्हतं. आत्याला आवडेल, की आपली वेणी आणि मोरपंखी साडी कापून टाकली म्हणून वाईट वाटेल, एवढ्या एकाच गोष्टीवर तिचा जीव टांगला होता.

स्क्रीन सुरू झाला तेव्हा मी बघायला गेले. खरं सांगू? पहिल्यांदा मलाच कळेना. काळ्याभोर अंधारात दोन हात, माझ्या उंचीचे. बोटांवरची प्रत्येक रेघ, नखातली राख, अंगठ्याजवळ विळीने कापल्याची जुनी खूण. आणि ते हात कापूस पिंजत होते, इतके हळू, इतके हळू, की एक वात होईस्तोवर चहा निवावा. आवाज नाही काही नाही. मी मुलीला म्हटलं, "छान आहे गं, पण अटकला आहे का?"

असं म्हणणारी मी एकटीच नव्हते. पहिल्या आठवड्यात जो तो तेच म्हणत होता. "भाऊ, हँग झाला तुमचा टीव्ही." एक पाहुणे बियाण्यांच्या कंपनीतले, त्यांनी मागे हात घालून वायर हलवून पाहिली. लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाने न विचारता बंद करून चालू केला आणि "झालं" म्हणून सांगून गेला. मॅचच्या दिवशी लोक काउंटरवर रिमोट मागायचे. मॅनेजर बिचारा, आमच्याच वयाचा, कपाळाला अष्टगंध लावणारा सज्जन माणूस, तो सगळ्यांना सांगायचा, "रिमोट नाही जी त्याले. ते आर्ट आहे." आणि मग स्वतःच स्क्रीनकडे संशयाने बघायचा.

मग नवरात्र बसलं आणि सगळं बदललं.

आमच्याकडचं नवरात्र ज्याने पाहिलं आहे त्याला सांगायला नको. चौकाचौकात देवी, प्रत्येक मंडळाचा देखावा, कुठे हलणारे पुतळे, कुठे गुहा, कुठे समुद्र. चहूकडच्या गावांतून माणसं येतात आणि घोळक्याने एका देखाव्यातून निघून दुसऱ्यात शिरतात. असाच एक घोळका, बायाबापड्या, पोरंसोरं, हॉटेलच्या काचेच्या दारातून स्क्रीन दिसला म्हणून आत शिरला. अंधारातून आलेले दोन अजस्र हात, वात वळताहेत, तेही नवरात्रात! त्यातल्या एका बाईने चपला काढल्या आणि हात जोडले. एकीने काढल्या म्हणून दुसरीने काढल्या. बाहेर जाऊन त्यांनी सांगितलं की या हॉटेलवाल्याचा देखावा साधा आहे पण पाहण्यासारखा आहे, देवीचे नुसते हात दाखवले आहेत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही गेलो तर लॉबीत चपलांचा ढीग! सूट घातलेला एक पाहुणा बॅग घेऊन आला आणि बावरून त्यानेही बूट काढले. स्क्रीनसमोर फरशीवर झेंडूची फुलं, कोणी खडीसाखर ठेवलेली. आणि बाया नुसत्या नमस्कार करून जात नव्हत्या, बसत होत्या! दुपारभर फिरून पाय दुखलेले, गार फरशी, समोर ते हळूहळू चालणारे हात. एक म्हणत होती, "पाहा वं, कापूस कसा उकलून राह्यली." दुसरी म्हणे, "माही माय अशीच वळे." कोणीही 'हँग झाला' म्हणत नव्हतं.

मला तर हसूच आवरेना. आमच्या आत्याबाई देवी झाल्या होत्या आणि त्यांना उमरखेडला पत्ताच नव्हता. हे म्हणाले, "मी म्हणतच होतो, आमच्या ताईमध्ये काहीतरी आहे." कधी म्हणाले होते देव जाणे. मालक एकदा चपलांकडे बघे, एकदा गर्दीकडे बघे, आणि मग त्यानेच चपला ठेवायला एक लोखंडी स्टँड आणून ठेवला. मुलगी आधी घाबरली. "आई, हे देवीचे नाहीत, असं सांगायला पाहिजे ना लोकांना?" मी म्हटलं, "कोणाला सांगतेस? गप बस. बघताहेत ना लोक? मग बघू दे." मग तीही कोपऱ्यात उभी राहून बघणाऱ्यांनाच बघत राहायची. चेहरा असा खुललेला की मला तिचं लहानपण आठवायचं.

दसरा उजाडला. आत्याबाई एसटीतून उतरल्या, एका हातात आपट्याच्या फांद्या, दुसऱ्या हाताने कमरेची पिशवी चाचपत. जेवणं झाली, वामकुक्षी झाली. चारच्या सुमारास मुलगी म्हणाली, "आत्या, चल, तुला एक गंमत दाखवायची आहे." आत्याबाईंनी तीच मोरपंखी साडी नेसली. दसऱ्याला नाही नेसायची तर केव्हा! ती साडी बघून मुलीने माझा हात असा घट्ट धरला की बांगडी रुतली.

आम्ही लॉबीत शिरलो आणि थबकून उभ्याच राहिलो. म्हणजे मी आणि मुलगी. आत्याबाईंना काय माहीत!

स्क्रीन काळा ठिक्कर. वर झेंडूचा जाड हार, खालच्या कोपऱ्यात हळदकुंकवाची बोटं, समोर फोडलेला नारळ. काउंटरवरच्या कॉम्प्युटरलाही हार, त्याचाही पडदा काळा. मॅनेजर नवा सदरा घालून कागदावर हाताने बिल लिहीत बसला होता.

"हे बंद का आहे?" मी विचारलं.

"पूजा झाली ना मॅडम सकाळी. दसरा आहे. आता आज यंत्राले हात नाही लावाचा."

आमच्याकडे हे पाळतात, मला काय माहीत नाही? माझ्या घरी शिलाई मशीन त्या दिवशी हार घालून झाकलेलं असतं. पण सगळं गाव नऊ दिवस ज्याच्या पाया पडलं ते आजच विश्रांतीला बसावं? उद्या सकाळी नवरा-नवरी लागणार, उद्या सकाळी आत्याबाई एसटीत बसणार. रागावले की माझी कचेरीतली मराठी पळून जाते आणि अस्सल वऱ्हाडी बाहेर पडते. मी म्हटलं, "मंग लिफ्ट काहून चालू हाय?"

"लिफ्टची पूजा संध्याकाळी आहे," मॅनेजर शांतपणे म्हणाला.

"अन् हा एसी?"

"त्याची पण."

"साहेबांना फोन लावा."

"साहेब बाभुळगावले शेतावर गेले जी पूजेले. तिथं फोन लागत नाही."

मुलगी त्या हाराकडे बघत उभी होती. तिचं तोंड उतरलं होतं. मी अजून काही बोलणार तोच आत्याबाईंनी मला दटावलं. "काहून भांडतं वं सणासुदीचं? बराबर सांगून राह्यले ते. वर्षभर राबते बिचारं यंत्र, एक दिवस बसू द्या त्याले." आणि मॅनेजरला म्हणाल्या, "तुम्ही नका ऐकू भाऊ हिचं. हिले लहानपणापासून घाईच हाय." माझं लहानपण त्यांनी पाहिलंही नव्हतं! मॅनेजर त्यांच्याकडे कृतज्ञतेने बघत होता. झालं, म्हणजे आता आपल्याच पक्षाचा माणूस पलीकडे जाऊन बसला. त्यांनी सोफ्यावर बैठक मारली, पिशवी उघडली, आणि कापूस काढून सरळ वाती वळायला घेतल्या.

मुलगी त्यांच्या पायाशी फरशीवर बसली. "आत्या," ती म्हणाली, "त्याच्यात तू आहेस."

"कायच्यात?"

"त्या स्क्रीनमध्ये. मागं उमरखेडला काढलं होतं ना आपण, ते."

आत्याबाईंचा चेहरा फुलला. त्यांनी काळ्या स्क्रीनकडे पाहिलं, खालून वर, पूर्ण उंचीवर. "येवढ्या मोठ्यात? अवं माय! मी येवढी मोठी?" आणि नकळत वेणीवर हात गेला.

आता सांगणं भाग होतं. मुलीने खाली बघत सांगून टाकलं. "आत्या, तोंड नाही त्यात. नुसते हात आहेत. पहिल्यापासून हातच घेतले मी. साडी पण नाही आली, थोडा काठ दिसतो एका जागी. तुला सांगायला पाहिजे होतं. मला वाटलं तू नाही म्हणशील."

आत्याबाईंचा वेणीवरचा हात खाली आला. मी मनात म्हटलं, आता ही म्हातारी उठेल, आपट्याची पानं ह्यांच्या हातात देईल आणि आजच्याच गाडीने परत जाईल. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आत्याबाई आपल्या हातांकडे बघत होत्या, अर्धी वळलेली वात बोटांत तशीच.

"नुसते हात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तं वेणी फुकटच घातली म्हना की मी."

"आत्या..."

"अन् तू म्हने, उजेड येते, उजेड येते! लबाड पोट्टी." आणि त्यांनी तिच्या डोक्यात एक टप्पल मारली. रागाची नव्हती, मला कळलं. पण मग त्यांनी जे विचारलं ते मात्र अगदी गंभीरपणे. "हातात पाहण्यासारखं काय हाय वं माह्या?"

उत्तर दिलं ते मॅनेजरने. तो काउंटरच्या मागून केव्हाचा ऐकत होता. तो बाहेर आला, आत्याबाईंच्या बोटांकडे बघितलं, अंगठ्याजवळची ती विळीची खूण बघितली, आणि एकदम पायातल्या चपला काढल्या.

"मावशी, हे हात तुमचे हायत?"

"मंग कोनाचे राह्यतीन?"

"नऊ दिवस रोज सकाळी मी पाया पडलो जी यांच्या!" आणि तो वाकला तो सरळ आत्याबाईंच्या पायांवर. आत्याबाई पाय सोफ्यावर ओढून घेत "अरे बापा! अरे, काय करून राह्यले तुम्ही!" म्हणून ओरडल्या. मग मी त्यांना सगळं सांगितलं, देखावा, चपलांचा ढीग, खडीसाखर. त्या आधी शरमल्या, मग हसायला लागल्या ते थांबेनात. पदर तोंडाला लावून हसत होत्या. "माह्या हाताले खडीसाखर! उमरखेडात सांगतलं तं लोक मले येडी म्हनतीन."

हसू ओसरलं तसा मॅनेजर अवघडून म्हणाला, "तुम्हाले दाखवासाठी लावलं असतं मावशी. पण पूजा झाली. तुम्हीच म्हटलं ना, आज त्याले बसू द्या."

आत्याबाईंनी जरा विचार केला. हा विचार त्या अगदी न्यायाधीशासारखा करतात, मान एका बाजूला कलती करून. मग म्हणाल्या, "यंत्र बसवाचं ते कायले? वर्षभर राबते म्हनून. पन त्याच्यात राबते कोन? माहे हात. आज पहाटी उठून म्या पुरन वाटलं, दिव्याले वात केली, एसटीत येता येता फुलवाती केल्या. मले कोनी सांगतलं का, बाई, आज दसरा हाय, तुह्या हाताले हार घालतो, आज तू बस?"

मॅनेजरने मान डोलावली. मी मात्र फरशीकडे बघत राहिले. दसऱ्याचं पुरण माझ्या घरी दरवर्षी आत्याबाईच उमरखेडहून वाटून डब्यात आणतात.

"लावा," त्या म्हणाल्या. "माह्या हाताचं पाप असन तं माह्या हाताले लागन."

मॅनेजरने हार हळूच बाजूला सारला, नमस्कार केला आणि बटण दाबलं.

अंधारातून हात वर आले. आत्याबाई पुढे सरकून बसल्या, चष्मा डोळ्यांवर चढवला. हात कापसाचं बोंड उचलत होते, सरकी काढत होते. मी स्क्रीनकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होते, आणि मुलगी तर फक्त त्यांच्याकडेच बघत होती. पहिल्यांदा त्या पुटपुटल्या, "किती सुरकुत्या वं माय." मग, "हे खून पाहा, तुह्या बारशाची हाय हे. भोपळा चिरता चिरता लागलं होतं." मग नुसत्या बघत राहिल्या. एक वात पूर्ण झाली आणि ढिगावर जाऊन पडली, तेव्हा त्यांनी मोठा श्वास सोडला. मोरपंखी काठ एका कोपऱ्यात दिसला तेव्हा "आला, आला!" म्हणून त्यांनी मुलीचा खांदा हलवला.

बघता बघता त्यांची बोटं सवयीने पिशवीत गेली आणि कापूस बाहेर निघाला. तो त्यांनी चिमटीत धरला. स्क्रीनवरच्या हातांकडे पाहिलं. ते वळतच होते, त्यांना काही घाई नव्हती. आत्याबाईंनी कापूस परत पिशवीत टाकला आणि पिशवीचं तोंड आवळलं. मग त्यांचे दोन्ही हात मांडीवर येऊन पडले, तळवे वर, बोटं सैल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी ते हात रिकामे पाहिले. मला एकदम रडू फुटलं आणि मी ते शिंक आल्यासारखं करून रुमालात दडवलं.

सीमोल्लंघनाला निघालेली माणसं आत डोकावायला लागली होती. एक बाई चपला काढून आली, आमच्याशेजारी टेकली, आणि आत्याबाईंना विचारलं, "हे काय हाय वं बाई?"

"माह्या भाचीनं केलं," आत्याबाई म्हणाल्या. नजर स्क्रीनवरच.

"हो का? काय करते भाची?"

मी आणि मुलगी दोघींनी कान टवकारले. आत्याबाईंनी हात मांडीवरून हलवलेसुद्धा नाहीत.

"म्हातारीले बसवते," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, जन्मात कधी केला नव्हता तो हुकूम केला. "जाय वं, चहा सांग आमच्यासाठी. मी नाही उठत आता."